सेकंदाला नऊ स्वर

फेलिक्स मेंडेल्सोनने १८२६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकावर एक ओव्हर्चर लिहिलं. सोळा वर्षांनी प्रशियाच्या राजाने त्याच नाटकाच्या प्रयोगासाठी त्याच्याकडे आणखी संगीत मागितलं आणि १८४३ मध्ये पॉट्सडॅमला तो प्रयोग झाला. पहिला अंक संपतो, अथेन्सची माणसं मागे पडतात आणि रानातल्या पऱ्यांचं राज्य सुरू होतं, तिथे या संगीतात एक स्केर्झो, म्हणजे चपळ, खेळकर तुकडा, आहे. जेमतेम पाच मिनिटांचा. नाट्यगृहात बसलेल्याला तो अलगद, बिनवजनाचा वाटतो. तो बिनवजनाचा वाटावा म्हणून क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला काय करावं लागतं, त्याचं हे प्रकरण आहे.

मोठ्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेटची जागा रिकामी झाली की ऑडिशन जाहीर होते आणि उमेदवारांना वाजवायच्या तुकड्यांची यादी काही आठवडे आधी मिळते. मेंडेल्सोनचा स्केर्झो त्या यादीत बहुतेक वेळा असतोच. त्याच्या जोडीला प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर अँड द वुल्फ’मधली (१९३६) लांडगा दिसताच झाडावर पळणारी मांजर असते, कोदायच्या ‘डान्सेस ऑफ गालांता’ (१९३३) असतात, शोस्ताकोविचच्या नवव्या सिंफनीतला (१९४५) सुसाट तिसरा भाग असतो. स्केर्झो साधारणपणे मिनिटाला ८४ ते ८८ बार या लयीत वाजवतात. स्वरांची सलग रांग लागते तिथे एका बारमध्ये सहा स्वर येतात. ८८ ला सहाने गुणून साठाने भागलं की सेकंदाला जवळजवळ नऊ स्वर होतात, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला सेकंदाचा सुमारे नववा हिस्सा. त्यातले बहुतेक स्वर सुटे, स्टकाटो असतात. प्रत्येकाला जिभेचा वेगळा स्पर्श लागतो आणि आवाज मात्र हळूच ठेवायचा असतो.

डोळ्यांना काही दिसून त्यावर हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात या स्केर्झोतले दोन स्वर होऊन गेलेले असतात. म्हणजे एक स्वर नीट आला की नाही हे ऐकून पुढचा सावरून घेऊ, असं इथे करताच येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. जलद वाजवणाऱ्या वादकाची बोटं इतक्या वेगाने पडतात की आधीच्या हालचालीची खबर मेंदूपर्यंत पोहोचून तिथून पुढची हालचाल सुटते, ही साखळीची कल्पना टिकत नाही. सगळा क्रम आधीच आखून तयार असावा लागतो. हे एकदा लक्षात आलं की सरावाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ऐन वेळी बोटांना हुकूम देत बसायला सवड नसते. हुकूम आदल्या आठवड्यांतच देऊन झालेले असावे लागतात. त्यात एखादा चुकीचा दिला गेला असेल, तर तोही तितक्याच इमानाने पाळला जातो.

क्लॅरिनेटवर हे विशेष कठीण होण्याचं कारण त्याच्या नळीत आहे. बासरीत एक स्वर वाजत असताना फुंक जोरात केली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो, म्हणून बोटांची रचना दोन्ही सप्तकांत सारखी ठेवता येते. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी एकसारख्या जाडीची आणि रीडच्या, म्हणजे तोंडाकडच्या वेताच्या पट्टीच्या, बाजूने बंद असल्यासारखी वागते. अशी नळी सप्तकावर उडी मारत नाही. सा वाजत असताना डाव्या अंगठ्यामागची रजिस्टरची कळ दाबली, तर वरचा सा येत नाही, त्याच्याही वरचा पंचम येतो. न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने १७०० च्या आसपास हे वाद्य घडवलं. तेव्हापासून ही उडी क्लॅरिनेटचं वैभव आहे, कारण तिच्यामुळेच त्याला इतका मोठा पल्ला मिळतो. आणि तीच त्याची डोकेदुखीही आहे, कारण खालचा पट्टा संपून वरचा सुरू होईपर्यंतची रिकामी जागा भरायला जास्तीची छिद्रं आणि कळा लागतात. आज सर्वाधिक वापरात असलेली बोटांची रचना इयासँत क्लोझे या वादकाने आणि बुफे या कारागिराने पॅरिसमध्ये १८३९ साली लोकांसमोर आणली. तिच्यामुळे पुष्कळ अडचणी सुटल्या, पण पट्ट्यांमधला हा सांधा राहिलाच.

सांध्यावर काय होतं ते पाहा. खालच्या पट्ट्याच्या टोकाचा ए हा स्वर वाजवताना सगळी छिद्रं उघडी असतात. डाव्या तर्जनीने एक कळ दाबलेली असते, बस. त्याच्या पुढचा बी वाजवायचा तर अंगठ्यासह डाव्या हाताची बोटं, उजव्या हाताची तीन आणि एखादी करंगळी अशी आठ बोटं एकाच क्षणी आपापल्या जागी पडावी लागतात. एखादं बोट जरा मागे राहिलं की मधेच एक नको असलेला स्वर डोकावतो किंवा वाद्य किंचाळतं. संथ लयीत हे झाकून जातं. सेकंदाला नऊ स्वरांच्या गतीत अख्खी ओळ लंगडते. यावर जुना आणि खात्रीचा तोडगा असा, की वरचा बी येणार हे माहीत असेल तेव्हा ए वाजत असतानाच उजव्या हाताची बोटं आधीच छिद्रांवर टेकवून ठेवायची. त्याने ए बिघडत नाही, उलट थोडा भरदार होतो आणि ऐन सांध्यावर हलवायची बोटं निम्मी उरतात.

लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट आपल्या परिचयाचं आहे. पुण्यात बंडोपंत सोलापूरकरांनी नाट्यगीतं याच वाद्यावर वाजवून लोकांच्या कानांत बसवली. कानाने शिकलेल्या त्या वादनात वादकाला मोकळीक असते. एखादी तान बोटाला अडत असेल तर तो तिला वळसा घालून समेवर येतो आणि तो वळसाही सुंदर असू शकतो. मेंडेल्सोनच्या ओळीत ती सोय नाही. लिहिलेला प्रत्येक स्वर, लिहिलेल्या जागी, लिहिलेल्या आघाताने यायलाच हवा. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. तिथे बसणाऱ्याला ही दुसरी शिस्तच लागते.

आता मूळ प्रश्न. समोर चाळीस-पन्नास बारांचा अवघड पॅसेज आहे आणि तीन-चार आठवडे हातात आहेत. बहुतेक विद्यार्थी पहिल्या स्वरापासून सुरुवात करतात, चुकले की थांबतात, पुन्हा पहिल्या स्वरापासून सुरू करतात. त्यामुळे सुरुवातीचे चार बार शेकडो वेळा वाजतात आणि खरी अडलेली जागा प्रत्येक वेळी एकदाच, तीही चुकीची वाजते. हा सराव नव्हे. याने फक्त चूक पक्की होते. माझं ठाम मत आहे की अवघड पॅसेज असा काही प्रकार नसतो. अवघड असतात त्यातल्या दोन, तीन, फार तर पाच जोड्या, एका स्वरावरून पुढच्या स्वरावर जाण्याच्या नेमक्या जागा. बाकीचे स्वर त्या जोड्यांच्या धास्तीने बिघडतात.

म्हणून पहिलं काम शोधाचं. सगळा पॅसेज जीभ न लावता, एका सलग श्वासात जोडून वाजवायचा आणि ध्वनिमुद्रण करून ऐकायचा. जीभ स्टकाटोत बोटांचे दोष लपवते, जोडून वाजवलं की ते उघडे पडतात. जिथे दोन स्वरांच्या मधे फट किंवा धक्का ऐकू येतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. मग विचारायचं, ही जोडी का अडते? सांधा आहे का? एक बोट वर आणि दुसरं खाली अशी उलटसुलट हालचाल आहे का? की करंगळ्यांचा घोळ आहे?

करंगळ्यांचा घोळ फार वेळा असतो. बी, सी आणि सी शार्प हे स्वर डाव्या करंगळीनेही घेता येतात आणि उजव्याही. डी शार्प मात्र नेहमीच्या वाद्यावर फक्त उजवीकडे आहे. बी, सी शार्प, डी शार्प असे तीन स्वर ओळीने आले, तर शेवटचा उजव्या करंगळीचा ठरलेलाच आहे. म्हणजे त्याच्या आधीचा सी शार्प डावीकडे हवा आणि त्याच्या आधीचा बी उजवीकडे. उलट सुरुवात केली की एकाच करंगळीला दोन कळांवरून घसरत जावं लागतं आणि वेगात ती घसरण हमखास चुकते. हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा असतो, आणि तो वाद्य हातात न घेता, टेबलावर, कागदासमोर बसून करावा. प्रत्येक करंगळीच्या स्वरावर डावी की उजवी याची खूण लिहावी आणि नंतर ती बदलू नये. आज एक आणि उद्या दुसरी करंगळी वापरणारा वादक खरं तर दोन वेगळे पॅसेज अर्धे अर्धे शिकत असतो.

जोडी सापडली की ती एकटीच वाजवायची. दोन स्वर, पुढे-मागे, बोटं छिद्रांपासून अगदी थोडी उचलत, कळांवर जेमतेम लागेल एवढाच दाब देत. मग तिच्या आधीचा एक स्वर जोडायचा, मग नंतरचा. वाद्याचा पाऊण किलोचा भार उजव्या अंगठ्यावर असतो आणि घाबरलेला हात तो भार पेलण्याच्या निमित्ताने सगळी बोटं आवळतो. आवळलेलं बोट उशिरा उठतं. वेग कमी पडतो अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा बोट पडायला नव्हे, उचलायला वेळ लागत असतो.

संथ लयीचं माहात्म्य सगळे गुरू सांगतात आणि ते खरंच आहे. पण एक गोष्ट कमी वेळा सांगितली जाते. संथ वाजवलेलं सगळंच जलद लयीत जसंच्या तसं नेता येत नाही. चालण्याचा वेग वाढवत नेला म्हणून त्याचं धावणं होत नाही, धावताना पाय वेगळ्याच रीतीने पडतो. तसंच बोटांचं. संथ लयीत एक बोट पूर्ण थांबतं आणि मग दुसरं निघतं. वेगात पहिलं अजून वर जात असतानाच दुसरं खाली येत असतं. म्हणून मेट्रोनोमचा आकडा रोज दोन-चारने चढवत नेण्याची शिडी एका टप्प्यावर अडकते. ती शिडी चढताचढताच पहिल्या दिवसापासून छोटे तुकडे पूर्ण लयीत वाजवून पाहावे लागतात. पाच स्वर, खऱ्या वेगात, मग थांबा. पुढचे पाच, मग थांबा. थांबण्यात बोटं सैल होतात आणि पुढचा तुकडा मनात वाचून होतो. हळूहळू थांबे कमी करायचे.

हे तुकडे कुठे तोडायचे यालाही महत्त्व आहे. कागदावर स्वर ठोक्यापासून ठोक्यापर्यंत गटाने छापलेले असतात, म्हणून विद्यार्थीही तसेच तोडतात आणि नेमका गटांमधला पूल सरावाशिवाय राहतो. त्याऐवजी गटातल्या दुसऱ्या स्वरापासून सुरू करून पुढच्या ठोक्यावर थांबावं. तबल्याची तिहाई समेकडे झेपावते ती दिशा आपल्या कानाला ओळखीची आहे. जलद ओळीलाही तीच दिशा लागते. ठोक्यावरून निघणारे स्वर जागच्या जागी दळत राहतात, ठोक्याकडे जाणारे स्वर वाहतात. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे ओबोवादक मार्सेल ताब्युतो हे पुढे जाण्याचं भान शिकवण्यासाठी प्रसिद्ध होते आणि अमेरिकेतल्या सगळ्याच फुंकवाद्यांच्या शिकवणीवर त्यांची छाप पडली.

त्याच ऑर्केस्ट्रात काही काळ प्रमुख क्लॅरिनेटवादक असलेले दानिएल बोनाद (१८९६–१९७६) यांनी स्टकाटोचा एक उपाय रूढ केला, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. वेगात जीभ आणि बोटं यांची जुळणी तुटते. दोष जिभेला दिला जातो, प्रत्यक्षात बोटं उशिरा पोहोचलेली असतात. बोनादांच्या पद्धतीत संथ लयीत एक आखूड स्वर वाजवायचा, जीभ रीडवर टेकवून तो बंद करायचा, पण फुंकेचा दाब तसाच ठेवायचा, आणि त्या शांततेत बोटं ताबडतोब पुढच्या स्वरावर नेऊन ठेवायची. पुढच्या ठोक्याला फक्त जीभ उचलायची. स्वर आधीच तयार असतो. लय वाढत जाते तशी शांतता आखूड होत जाते, पण क्रम तोच राहतो: बोट आधी, जीभ नंतर. क्लॅरिनेटचं माउथपीस तोंडात असल्यामुळे बासरीवाल्यांसारखी दुहेरी जीभ वापरणं इथे फारच थोड्यांना साधतं. बाकीच्यांना एकेरी जिभेवरच सेकंदाला नऊपर्यंत पोहोचायचं असतं, आणि ते जोर लावून होत नाही. जिभेचं टोक रीडच्या टोकाला जेमतेम शिवावं आणि फुंक एखादा लांब स्वर धरल्यासारखी अखंड चालू राहावी. अवघड जागा आली की नकळत फुंक रोखली जाते. अर्धे अपघात तिथे होतात.

किती तास? हा प्रश्न नेहमी येतो. टेक्सास विद्यापीठातले रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १७ पियानो विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्तोतल्या तीन बारांचा तुकडा हवा तेवढा वेळ सराव करायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. सरावाला किती वेळ लागला किंवा तुकडा किती वेळा वाजवला, याचा दुसऱ्या दिवशीच्या गुणवत्तेशी संबंध दिसला नाही. सर्वांत चांगले ठरलेले विद्यार्थीही सराव करताना चुकत होते. फरक असा, की ते चूक नेमकी कुठे आणि कशामुळे होते ते हुडकत, तेवढीच जागा घेत, लय कमी-जास्त करून ती पक्की करत आणि चूक होणार असं वाटलं की ती होण्याआधीच थांबत. चुकीच्या वादनांचं प्रमाण त्यांनी कमी ठेवलं.

दुसरा अभ्यास तर थेट क्लॅरिनेटवरचा आहे. क्रिस्टीन कार्टर आणि जेसिका ग्रान यांनी २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. दहा तयार क्लॅरिनेटवादकांनी काही तुकडे सलग १२ मिनिटं वाजवून बसवले, तर काही तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांनी, आलटून पालटून, एकूण तितकाच वेळ देऊन. ध्वनिमुद्रणं तीन व्यावसायिक वादकांना गुण द्यायला दिली. परीक्षकांचे गुण सगळीकडे जुळले नाहीत, पण दोन पद्धतींत फरक दिसला तिथे तो आलटून पालटून केलेल्या सरावाच्या बाजूने होता. दहा जणांवरून मोठा सिद्धान्त मांडू नये. तरी ऑडिशन देणाऱ्याला यातलं कारण पटावं असं आहे. एकाच तुकड्यावर १२ मिनिटं घालवली की शेवटी तो सुरेख जातो, कारण बोटं तापलेली असतात. दर तीन मिनिटांनी तुकडा बदलला की प्रत्येक वेळी तो नव्याने आठवून, नव्याने उभा करावा लागतो. सराव त्या क्षणी ओबडधोबड वाटतो, आणि ऑडिशनच्या खोलीत नेमकं हेच करायचं असतं.

मधल्या रात्रीही हिशेबात धराव्यात. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या प्रयोगात बोटांचा ठरावीक क्रम शिकलेल्यांचा वेग एका झोपेनंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. फरक इतका मोठा असतो का याबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या, पण झोप मोडून केलेला सराव बोटांत मुरत नाही याबद्दल अनुभवी वादकांत दुमत नाही. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत घासून काही हाती लागत नाही.

ऑडिशनमध्ये जी गोष्ट तपासली जाते तिचा सराव मात्र क्वचित होतो. ती म्हणजे पहिला प्रयत्न. घरी पाचव्या खेपेला पॅसेज जमतो, म्हणून तो ‘येतो’ असं आपण मानतो. तिथे पाचवी खेप नसते. बॉस्टन सिंफनीने १९५२ साली पडद्याआड ऑडिशन घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे १९७० च्या दशकापासून ही रीत अमेरिकेत पसरली. उमेदवार कोण, कुठला, बाई की पुरुष हे परीक्षकांना कळू नये म्हणून पावलांचा आवाज दाबायला गालिचाही अंथरतात. पद्धत न्याय्य आहे. पण पडद्यासमोर उभ्या असलेल्या उमेदवाराला ना चेहरा दिसतो ना मान डोलताना दिसते. काही मिनिटं मिळतात आणि तुकडे ज्या क्रमाने मागितले जातील त्या क्रमाने द्यावे लागतात. शेवटचे दहा दिवस याच्याच तालमीला द्यावेत. तुकड्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावी, दिवसातून तीन-चार वेळा, भलत्या वेळी, एक चिठ्ठी काढावी आणि तो तुकडा एकदाच वाजवून मुद्रित करावा. चुकला तरी पुन्हा वाजवू नये, चूक लिहून ठेवावी आणि तिचं काम सरावाच्या वेळेत करावं. जिना चढून आल्यावर, श्वास फुललेला असतानाही एखादी चिठ्ठी काढावी. घाबरल्यावर नाडी अशीच धावते आणि तोंड कोरडं पडून जीभ रीडला चिकटते. तो अनुभव पहिल्यांदा परीक्षकांसमोर येऊ नये. रीडही याच दिवसांत ठरवावी. चांगल्या चार रीड आलटून पालटून वापरत ठेवाव्यात, कारण रीड ही शेवटी एका जातीच्या वेताची पट्टी असते आणि हवेतल्या दमटपणाने तिचा स्वभाव बदलतो. नव्या रीडवर स्केर्झो वाजवायला जाणं हे धाडस नाही, हयगय आहे.

लय किती ठेवावी? परीक्षक आकडा मोजत बसलेले नसतात. ८४ ला स्वच्छ, एकसारखा आणि हलका वाजलेला स्केर्झो ९२ च्या धडपडीपेक्षा कितीतरी चांगला. पण ७२ ला वाजवला तर पऱ्या जमिनीवर चालू लागतात, आणि हेही कोणाला मान्य होत नाही. खोलीत लय देणारं कोणी नसतं, ती स्वतः धरायची असते. पुष्कळ जण ती सुरुवातीच्या सोप्या बारांवरून धरतात आणि पुढच्या दाट जागेत अडकतात. म्हणून वाद्य उचलण्याआधी मनात पहिला बार म्हणू नये. सगळ्यात दाट बार म्हणावा, तो जितक्या लयीत नीट ऐकू येतो तीच लय घ्यावी आणि मग सुरुवातीकडे यावं. दोन तुकड्यांच्या मधला वेळ उमेदवाराचा असतो, तो कोणी मोजत नाही. तेवढ्यात छिद्रांत साठलेलं पाणी फुंकून काढावं, रीड ओली आहे ना पाहावं, आणि पुढच्या तुकड्याची लय आत लागली की मगच वाद्य ओठाला लावावं.